पाटी कुणी लिहायची?

सिडनीच्या हाइड पार्कमध्ये कॅप्टन कुकचा १८७९ सालचा पुतळा आहे. उंच चौथऱ्यावर उभा, एक हात आभाळाकडे. चौथऱ्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा की, या माणसानं १७७० साली हा प्रदेश शोधून काढला. त्याच बागेत थोडं पुढे गेलं की टोनी अल्बर्ट या आदिवासी कलावंतानं २०१५मध्ये उभारलेलं एक स्मारक लागतं. माणसाच्या कितीतरी पट उंच अशा बंदुकीच्या चार गोळ्या उभ्या आहेत आणि तीन रिकामी काडतुसं जमिनीवर पडली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातून लढलेल्या आदिवासी सैनिकांचं हे स्मारक.

मी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने सिडनीत होते. एका रविवारी हे दोन्ही पाहिलं आणि मनात साधा हिशेब आला. शोध लावणाऱ्याचं स्मारक आहे. देशासाठी लढलेल्यांचं आहे. मग हा 'शोध' लागल्यानंतर आपली नदी आणि आपली शिकारीची रानं सोडणार नाही म्हणून जे लढले, त्यांचं कुठे आहे?

बागेच्या कडेलाच ऑस्ट्रेलियन म्युझियम आहे. १८२७ साली सुरू झालेलं, त्या देशातलं सगळ्यांत जुनं संग्रहालय. नेमक्या याच प्रश्नावर तिथे २०२१ साली 'अनसेटल्ड' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. मी गेले तेव्हा ते केव्हाच उतरवलेलं होतं, पण त्यातला बराच मजकूर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहे. भाड्याच्या खोलीत बसून तीन-चार रात्री मी तो वाचत होते. त्या रात्रींतून एक प्रश्न माझ्या मागे लागला, तो असा: ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याच वंशजांनी त्या अत्याचाराची पाटी लिहावी का? आणि लिहिली, तर ती विश्वासार्ह असेल का?

*

'सेटलमेंट' म्हणजे वसाहत. शाळेच्या पुस्तकात शोभेल असा सभ्य शब्द. 'अनसेटल्ड' या नावात अस्वस्थपणाही आहे आणि 'हा देश काही शांतपणे वसलेला नाही' अशी कोपरखळीही आहे. प्रदर्शनाच्या क्युरेटर दोघीजणी होत्या, लॉरा मॅकब्राइड आणि मारिको स्मिथ. लॉरा वेलवान आणि कूमा समाजांतल्या, मारिको युइन समाजातल्या. २०२० साली कुकच्या त्या सफरीला २५० वर्षं होत होती. त्या निमित्तानं काय दाखवायचं हे ठरवण्याआधी संग्रहालयानं ८००हून अधिक आदिवासी माणसांचं म्हणणं गोळा केलं. त्यांना उत्सव नको होता. काय घडलं ते खरं सांगा, असा एकूण सूर होता. म्हणून दालनांची नावंही थेट ठेवली गेली: आक्रमण, युद्धं, हत्याकांडं, वंशसंहार. आणि त्यानंतर टिकून राहणं आणि जखमा भरणं.

इथे मी अडखळले, हे कबूल करते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या धंद्यात पहिला धडा असा की, ज्यानं कोड लिहिला त्यानंच तो तपासायचा नाही. ज्याचा त्या गोष्टीत जीव अडकलाय त्याला तिच्यातल्या चुका दिसत नाहीत. तपासणारा तिऱ्हाईत हवा. मग इतिहासाला हाच नियम का नको? एखाद्या खटल्यात पीडिताच्या नातीलाच निकाल लिहायला बसवलं, तर आपण त्याला न्याय म्हणू का?

हा आक्षेप मला आजही फालतू वाटत नाही. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. आत्तापर्यंतच्या पाट्या तिऱ्हाइतानं लिहिल्या होत्या, असं आपण धरून चालतो.

एक उदाहरण घेऊ. टास्मानियात १८२०च्या दशकात आदिवासी आणि वसाहतवाले यांच्यात जे युद्ध पेटलं त्याला 'ब्लॅक वॉर' म्हणतात. त्या काळात गव्हर्नर आर्थरनं लाकडी फळ्यांवर चित्रं रंगवून घेतली. फळीवर वरपासून खालपर्यंत चार चित्रं. वर गोरी आणि काळी माणसं गळ्यात गळे घालून उभी. त्याखाली गव्हर्नरशी हस्तांदोलन. मग आदिवासीनं गोऱ्याला मारलं तर त्याला फाशी. शेवटी गोऱ्यानं आदिवासीला मारलं तर त्यालाही फाशी. आता या फळीखाली 'जाहीरनाम्याचा फलक, लाकडावर तैलरंग, सुमारे १८३०' अशी पाटी लावली, तर तिच्यातला एकही शब्द खोटा नाही. पण आदिवासीला मारल्याबद्दल टास्मानियात एकाही गोऱ्याला फाशी झाली नाही, हे वाक्य त्या पाटीवर नसेल, तर शाळेच्या सहलीत आलेलं मूल काय शिकून जाईल? कायदा सगळ्यांना सारखा होता, हेच ना?

त्या पाटीला आपण तटस्थ म्हणतो, कारण तिच्यात कुणाचा आवाज चढलेला नाही. आमच्याकडे फॉर्ममध्ये एखादा रकाना वापरणाऱ्यानं भरला नाही, तर त्यात आपोआप एक ठरीव किंमत बसते. ती कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते, पण तिच्यावर कुणाची सही नसल्यामुळे ती निसर्गातूनच आल्यासारखी वाटते. बऱ्याच संग्रहालयांची तटस्थता मला अशी वाटते.

*

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, मग पुरावे बघा. कागद काय म्हणतात ते मांडा.

कागदांचीही गोष्ट आहे. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीक इथे गुरं राखणाऱ्यांच्या टोळीनं विररायराय समाजाच्या किमान २८ माणसांना बांधून नेऊन मारलं. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारीकोतारी होती. हे प्रकरण कोर्टात उभं राहिलं. शिक्षा भोगायला आलेला जॉर्ज अँडरसन नावाचा एक गोरा झोपडी-राखण्या साक्षीला उभा राहिला म्हणून ते टिकलं. आदिवासी साक्षीदाराची साक्ष धरलीच जात नसे. बायबलवरची शपथ त्याला कशी देणार, असा सवाल होता. पहिल्या खटल्यात अकरा जण सुटले. दुसऱ्या खटल्यानंतर त्यांतल्या सात जणांना फाशी झाली. टोळीचा म्होरक्या, जॉन फ्लेमिंग नावाचा जमीनदार, कधीच सापडला नाही.

गोऱ्या समाजात या फाशीवर संताप उसळला. त्यातून अनेकांनी धडा घेतला तो मारू नये असा नव्हे, तर मारल्याचं बोलू नये असा. पुढे क्वीन्सलंडच्या पोलिसांच्या अहवालांत एक शब्द सारखा येतो: टोळी 'पांगवली'. या पांगवण्यात किती प्रेतं पडली ते अहवाल सांगत नाही.

सर्व्हर बंद पडला की आम्ही आधी लॉग उघडतो. पण ज्यानं सर्व्हर पाडला त्यालाच लॉग लिहायची एकट्याला परवानगी असेल, तर त्यात काही सापडलं नाही म्हणून काही घडलंच नाही असं म्हणणाऱ्याला आमच्या टीममध्ये कुणी दुसऱ्या दिवशी काम देणार नाही. इतिहासात मात्र हा युक्तिवाद चक्क चालतो. २००१ साली कॅनबेरात राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. त्यात बेल्स फॉल्स गॉर्ज या घळीत झालेल्या हत्याकांडाबद्दलची विराजुरी समाजातली आठवण मांडली होती. १८२४ साली त्या बाथर्स्ट भागात लष्करी कायदा पुकारला होता, हे कागदोपत्री आहे. पण त्या घळीतल्या प्रसंगाचा त्या काळचा कागद नाही. कीथ विंडशटल या लेखकानं त्यावरून झोड उठवली. सरकारनं पूर्ण संग्रहालयाची तपासणी करायला समिती नेमली आणि २००३ साली तिचा अहवाल आला.

मला इथे विंडशटलची बाजू एकदम झटकून टाकायची नाही. दोनशे वर्षं तोंडातोंडी आलेली आठवण जागा बदलते, दोन प्रसंगांचा एक करते. माझ्या आजीच्या गोष्टीतला एकच पूर दोन वेगवेगळ्या सालांत येतो, हे मी ऐकलेलं आहे. पण पूर आला होता, यात तिची चूक नाही. चांगला क्युरेटर ही आठवण पुरावा म्हणून खपवत नाही आणि फेकूनही देत नाही. ती आठवण म्हणून मांडतो आणि कागद का नाही हेही शेजारी लिहितो. 'कागद नाही' हीसुद्धा त्या काळाची खूण आहे.

*

मग आदिवासी क्युरेटरमुळे नेमका काय फरक पडतो? बराच विचार करून मी ज्या उत्तराशी आले ते असं: तिऱ्हाईतपणापेक्षा जाब देण्याची सक्ती जास्त भरवशाची असते.

तिऱ्हाईत अभ्यासकानं पाटीवर चूक केली, तर फार तर दुसरा अभ्यासक कुठल्यातरी नियतकालिकात टीका करेल. क्युरेटर त्याच समाजातली असेल, तर पाटी वाचायला तिची आत्या येणार आहे. ज्या नदीकाठचा प्रसंग आहे, तिथली म्हातारी माणसं येणार आहेत. चुकीचं गाव, चुकीचा कुळाचा उल्लेख, उगाच वाढवलेला आकडा यांचा जाब तिला घरच्या जेवणात द्यावा लागेल. आणि पलीकडे विंडशटलसारखे लोक भिंग घेऊन बसलेत, हेही तिला ठाऊक आहे. दोन्हीकडून असा ताण असलेला माणूस, कुणालाच जाब न देणाऱ्या तटस्थापेक्षा जास्त काळजीपूर्वक लिहील, असं मला वाटतं.

पण माझ्या या उत्तराला एक जड परीक्षा द्यावी लागते. जो समाजाला जाब देतो तो समाजाला न आवडणारं लिहील का?

क्वीन्सलंडमध्ये 'पांगवण्याचं' काम करणारे बहुतेक शिपाई स्वतः आदिवासी होते. 'नेटिव्ह पोलिस' नावाचं हे दल १८४८ साली उभं राहिलं. अधिकारी गोरे, शिपाई काळे. शिपाई मुद्दाम लांबच्या भागांतून भरती करत, म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या घालायच्या त्यांच्याशी ना नातं ना भाषा. कुणी पोटासाठी आला, कुणाला जबरदस्तीनं आणलं, कुणी पळूनही गेला. आज त्या शिपायांचे वंशज आहेत आणि मारले गेलेल्यांचेही. काही घरांत दोन्ही बाजूंचं रक्त आहे. याची पाटी कशी लिहायची?

इथे बाहेरच्या माणसाला दोन सोपे मोह होतात. एक, 'त्यांनीच एकमेकांना मारलं' म्हणून हात झटकायचे. दुसरा, अपराधी वाटतं म्हणून हा विषय टाळायचा. आतली व्यक्ती यांतलं काहीही सहज करू शकत नाही. ती चुकेल, कदाचित गप्पही बसेल, पण हा प्रश्न तिच्यासाठी खरा आहे. मी जाब देण्याच्या बाजूनं जाते ती याच कारणानं.

*

नेटिव्ह पोलिसांबद्दल वाचताना मला एकाएकी घर आठवलं. आम्ही शहादा तालुक्यातले. ब्रिटिशांनी १८१८ साली खानदेश घेतल्यावर सातपुड्यातले भिल त्यांना जुमानेनात, तेव्हा १८२५ साली जेम्स आउट्रमनं भिलांचीच पलटण उभारली आणि भिलांवर सोडली. क्वीन्सलंडच्या आधी वीसेक वर्षं. साम्राज्य एकच, युक्तीही तीच.

तोवर ऑस्ट्रेलियाचा इतिहास मी एका निश्चित जागेवरून वाचत होते. मी भारतीय, म्हणजे राज्य ज्यांच्यावर केलं गेलं त्यांच्यातली, म्हणजे आपोआपच क्युरेटरच्या बाजूची. त्या रात्री ही जागा हलली.

आमचं एक वावर आहे. त्याला घरात सगळे 'भिलाचं वावर' म्हणतात. लहानपणापासून ऐकलंय, 'आज भिलाच्या वावरात पाणी सोडायचंय', 'भिलाच्या वावरातली पपई काढायला आली'. ते नाव मला कधी ऐकूच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, वारसनोंद झाली आणि आई आणि भावाबरोबर माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. तेव्हाही नाही.

सातबारा म्हणजे आजच्या घडीला नाव कुणाचं, एवढंच. ते नाव तिथे कसं पोचलं हे फेरफार सांगतो. जुने फेरफार आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. सिडनीतल्या खोलीत बसून मी आमच्या गटाचे काढले. १९४०च्या दशकातल्या दोन नोंदी सापडल्या. पहिलीत जमीन एका माणसाकडून सावकाराकडे गेली. त्या माणसाला आडनाव नाही, नावापुढे नुसतं 'भिल'. दुसरीत ती सावकाराकडून माझ्या पणजोबांकडे आली, रीतसर खरेदीखतानं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "आपण फुकट नाही घेतलं. पैसे मोजलेत." खरं आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू तिकडे बसून आता जमिनीचा इतिहास काढणार का? ते हक्कसोडपत्र आधी कर." तेही त्याच्या परीनं खरंच आहे. मुली हक्क सोडतात, तशी आमच्याकडे रीत आहे.

कायद्याचं विचाराल तर आम्ही सुटतो. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकारानं भिलांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या, चळवळ उभी राहिली. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा १९७४चा कायदा आला. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरांना लागू आहे. आमचं त्याआधीचं.

कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मला धंद्यामुळे कळतं. न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन आणि सहकाऱ्यांनी १७८८ ते १९३०मधल्या हत्याकांडांचा नकाशा केला आहे. त्यावर ४००हून अधिक ठिकाणं आहेत, मारले गेलेले दहा हजारांहून जास्त. त्यांची अट अशी की, एका वेळी किमान सहा निराधार माणसं मारली गेली असतील तरच ती नोंद घ्यायची. वीसेक माणसांच्या चुलीतली सहा गेली तर उरलेल्यांचं टिकणं अवघड होतं, असा त्यामागचा विचार आहे. पुरावा किती भक्कम, त्याचेही तारे दिले आहेत. मला हे काम अतिशय प्रामाणिक वाटतं. पण मग पाच जण मारले गेले ते ठिकाण? ते नकाशावर नाही म्हणून ते घडलं नाही, असं नकाशा करणाऱ्यांनीही कधी म्हटलेलं नाही. रेघ ही मोजण्याच्या सोयीसाठी असते. रेघेच्या अलीकडे सगळं निर्दोष असतं, असं आपण तिच्यातून वाचतो.

*

मायल क्रीकला २००० सालच्या जूनमध्ये स्मारक झालं. वाचलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज यांनी मिळून ते उभारलं. चढाच्या वाटेनं ठेवलेल्या शिळांवर इंग्रजी आणि गामिलराय या दोन्ही भाषांत मजकूर आहे. दर वर्षी जूनमध्ये तिथे माणसं जमतात. मारणाऱ्यांच्या घरातल्या माणसांना तिथे यायला काय लागलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. त्यांच्यावर कुठला खटला नव्हता. त्यांनी पाटी लिहिण्याचा हट्टही धरला नाही. ते आले आणि म्हणाले, हो, ते आमचे होते.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला यातून मिळालं, निदान अर्धं. पाटी ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी लिहावी. आम्हा बाकीच्यांकडे वेगळं काम आहे. त्यांच्याकडे कागद नाहीत, कारण कागद आमच्या घरांत आहेत. ऑस्ट्रेलियात ते जमीनदारांच्या वारसांच्या माळ्यांवर असतील, आमच्याकडे फेरफारात आहेत. ते आपण होऊन बाहेर काढणं हे आमच्या वाट्याचं काम. त्याला क्युरेटर व्हावं लागत नाही.

माझ्यापुरता एक पेच उरतो. हक्कसोडपत्रावर सही केली की माझं नाव सातबाऱ्यावरून निघेल. सही करणं आता मला सोयीचं वाटू लागलंय आणि म्हणूनच ती करायला हात होत नाही. हक्क सोडला की तो फेरफारही माझा राहत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. पटलं नाही. त्या जमिनीच्या पपईवर माझी फी भरली गेलेली आहे.

परत आल्यावर मी दोन्ही फेरफारांच्या प्रती छापून घेतल्या. गावात भिलाटी आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या नावाच्या माणसाचं कुणी तिथे आहे का आणि त्या वावराला ते काय म्हणतात, हे विचारायला हवं. 'भिलाचं वावर' ही तर आमची पाटी झाली. प्रती पिशवीत आहेत. दोनदा गावी जाऊन आले, पण अजून विचारलेलं नाही.